खुणेच्या रेघेपर्यंत पाणी

शनिवारी सकाळी साडेनऊला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला पहिला स्पिरिटचा दिवा पेटेना.

मामांनी दुसरी काडी ओढली. वात नुसती चरचरली आणि काळी पडली. वात जुनी झाली असेल म्हणून त्यांनी कात्रीने टोक छाटलं, तिसरी काडी ओढली. पुन्हा तेच. शेजारचा दिवा घेतला, तोही तसाच. दोन्ही दिवे त्यांनी पाच मिनिटांपूर्वी एकाच बाटलीतून भरले होते. ती बाटली त्यांनी नाकाशी नेली. वास होता, पण धुतलेल्या भांड्याला मागे राहतो तेवढाच. मग बाटली कलती करून त्यांनी एक थेंब मनगटावर घेतला आणि फुंकर घातली. तो थेंब गारवा देऊन क्षणात उडून जायला हवा होता. तो जागचा हलला नाही. पाणीच होतं ते.

मामांनी बाटली खिडकीशी उजेडात धरली.

ओतण्याआधी त्यांनी सवयीने पाहिलं होतं. बाटली बरोबर पेन्सिलीच्या रेघेपर्यंत भरलेली होती, आणि ती रेघ काल दुपारी त्यांनीच ओढली होती. म्हणजे कुणीतरी आतलं द्रव काढून घेतलं होतं आणि मामांना कळू नये म्हणून रेघ गाठेपर्यंत नळाचं पाणी भरलं होतं. एवढी काळजी घेऊन नेलेली वस्तू कुणी मोरीत ओतायला नेत नाही. पिण्यासाठीच नेली असणार.

आणि बाटलीवर जे लिहिलं होतं ते बाटलीत नव्हतं. ही गोष्ट साऱ्या जगात एकट्या मामांना माहीत होती.

मामा त्या कॉलेजात एकोणतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. अंगाने किरकोळ, मिशी बारीक कातरलेली, खिशात कायम एक बोथट पेन्सिल. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत, आणि पाठीमागे पोरं अंडेमामा म्हणत. बाटल्यांवर रेघ ओढायची त्यांची सवय प्रसिद्ध होती. कोणतीही बाटली वापरून जागेवर ठेवताना ते लेबलच्या कडेला पातळीची बारीक खूण करत. घरी तेलाच्या बरणीवरही अशीच रेघ दिसली तेव्हा त्यांची बायको म्हणाली होती, "अहो, माझ्या कपाळावर पण एक ओढून ठेवा. रोज किती डोकं खर्च होतं ते तरी कळेल."

अंडेमामा हे नाव पडलं त्याला बारा वर्षं झाली होती. दरवर्षी नव्या मुलांना सभागृहात बसवून दारू, गोळ्या, पुड्या यांचे धोके सांगायचे असा नियम निघाला. पहिल्या वर्षी बोलवलेले वक्ते आलेच नाहीत. दोनशे पोरं शिट्ट्या मारायला लागली तेव्हा उपप्राचार्यांनी घाम पुसत मामांना गाठलं. "मामा, काहीतरी प्रयोग करून दाखवा हो. पाण्याचा रंग बदला, धूर काढा, काहीही करा." मामांना चार माणसांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. पण हाताला काम मिळालं की त्यांची जीभ सुटायची. त्यांनी अंड्याचा पांढरा बलक काचेच्या पात्रात घेतला आणि वरून शुद्ध अल्कोहोल ओतलं. पारदर्शक बलक डोळ्यांदेखत पांढराफेक पडला, शिजल्यासारखा आकसला. "तुमचं पोट, तुमचं यकृत, सगळं याच जातीचं बनलंय, पोरांनो," मामा म्हणाले. सभागृह चिडीचूप झालं. तेव्हापासून दरवर्षी तेच.

उपप्राचार्यांनी मागे एकदा सुचवलं, "मामा, एखादी खरी गोष्ट घाला. पोरांना धाक बसतो." मामांकडे खरी गोष्ट नव्हती, म्हणून त्यांनी एक मित्र तयार केला. टपरीवरची भेसळीची दारू प्यायला आणि डोळा गमावून बसला, असा मित्र. चांगल्या हेतूने सांगितलेली थाप होती. दरवर्षी सांगताना तिच्यात थोडी भर पडायची.

कालच्या शुक्रवारी मात्र एक अडचण आली. शुद्ध अल्कोहोल, म्हणजे दारूत असतं तेच, कुलपाच्या कपाटात असायचं. त्याची चोरी होते म्हणून किल्ली विभागप्रमुख मॅडमकडे. मॅडम बहिणीच्या ऑपरेशनसाठी परगावी गेल्या होत्या आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये गेली होती. कार्यक्रमाला पंधरा मिनिटं उरली होती. उघड्या फळीवर मिथेनॉलचा कॅन होता. ते अल्कोहोलचंच भावंड. तसंच पाण्यासारखं नितळ, वासही जवळजवळ तोच, अंड्याचा बलकही तसाच गोठवतं. फरक इतकाच की पहिलं पोटात गेलं तर माणूस झिंगतो, आणि दुसरं गेलं तर दुसऱ्या दिवशी नजर जाते, मग कधी जीवही जातो. ज्याने झिंग येते ते कुलपात आणि ज्याने माणूस आंधळा होतो ते फळीवर, अशी सगळ्याच प्रयोगशाळांची रीत. फळीवरचं कुणी चोरत नाही ना.

मामांनी कॅनमधून द्रव नेहमीच्या छोट्या बाटलीत ओतलं. बाटलीवर त्यांच्याच सुवाच्य अक्षरात जुनं लेबल होतं: शुद्ध अल्कोहोल. लेबल एक आणि आत भलतंच, या एका गोष्टीवरून त्यांनी एकोणतीस वर्षांत शेकडो मुलांचे कान पिळले होते. काल त्यांनी मनाशी म्हटलं, वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे, उरलेलं उद्या दिव्यांत जाळून टाकू, कोण पिणार आहे?

आणि ती बाटली दोनशे मुलांसमोर उंच धरून ते म्हणाले होते, "बाहेरच्या दारूत कोण काय मिसळतं, देव जाणे. हे बघा, हे शुद्ध आहे. यात कुणी काही मिसळलेलं नाही. तरी अंड्याचं काय झालं बघा!"

स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना स्वतःचा तो आवाज पुन्हा ऐकू आला. संध्याकाळी प्यायले असतील तर आत्तापर्यंत पंधरा तास झाले. हे विष ताबडतोब कळत नाही, हेच त्याचं वाईट. रात्र झोपेत जाते, सकाळी डोकं दुखतं, आणि पिणारा समजतो की जास्त झाली.

कॅनवर चिकटवलेली धोक्याची पट्टी मामांनी नखाने सोलून खिशात घातली आणि त्यांनी उपप्राचार्यांची खोली गाठली.

"बसा, मामा, बसा. असे धापा काय टाकताय?" उपप्राचार्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा, प्यायलंच कशावरून? धक्का लागून सांडलं असेल. तुमच्या रागाला भिऊन पाणी भरलं असेल."

"तसंच असू दे, सर. तसंच असावं. पण नसलं तर?"

"मग सूचना लावू. बाटलीला ज्यांनी हात लावला त्यांनी कार्यालयात हजर व्हावं."

"हजर झाल्यावर काय होणार त्यांचं?"

"होणार काय? नाव कमी होणार. दारूला हात लावणार नाही म्हणून प्रवेशाच्या वेळी सह्या केल्यात सगळ्यांनी."

"मग कोण येईल, सर?"

उपप्राचार्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते वाईट नव्हते, पण घाबरले की त्यांना नियम आठवत. "सोमवारी मॅडम येतील. त्यांच्याशी बोलून ठरवू. आणि मामा, लेबलची गोष्ट तूर्त आपल्या दोघांत ठेवा. तुमची चार वर्षं राहिलीत नोकरीची. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका."

"सोमवारी उशीर होईल," मामा म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतक्या हळू म्हटलं की ते उपप्राचार्यांना ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.

बाहेरच्या जिन्यात उभं राहून त्यांनी घरी फोन लावला. बायको घरी विद्यार्थ्यांचे पांढरे ॲप्रन शिवायची. फोनमध्ये शिलाई यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"अगं, माझ्या हातून एक चूक झालीय." मामांनी भराभरा सांगितलं. यंत्र थांबलं.

"मग मला कशाला फोन करताय?" ती म्हणाली. "मी काय प्यायलेय का? पोरं शोधा आधी!"

"नोकरी जाईल कदाचित."

"जाऊ दे. ॲप्रनला बटणं लावायला मला माणूस हवाच आहे. निघा आता. आणि अहो, जिन्यावरून धावू नका, पडाल."

मामा धावतच उतरले. रेघेपर्यंत पाणी भरणारा माणूस रेघ ओळखणारा होता, एवढं एक हाताशी होतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना ती खूण ठाऊक नव्हती. ती ठाऊक होती दुसऱ्या वर्षाच्या चौघांना. प्रयोगाच्या आधी मांडामांड करायला मामा त्यांनाच बोलवत. त्यातले दोघं मुलगे गणिताच्या तासाला सापडले. मामांनी प्राध्यापकांना विचारून त्यांना दारात बोलावलं आणि त्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारल्यासारखं निरखून पाहिलं.

"फळ्यावरची शेवटची ओळ वाच."

"मामा, ती आम्हाला तासालाच समजली नाही, आता काय वाचू?"

"समजू नको, नुसती वाच!"

त्याने वाचली. दुसऱ्यानेही वाचली. तिसरी मुलगी कालच दुपारी घरी गेली होती, तिच्याशी तिथूनच फोनवर बोलणं झालं, ती धडधाकट होती. उरली चौथी. मामांनी तिचं नाव मनात सुद्धा घेतलं नाही. चौघांतली तीच त्यांची सगळ्यात लाडकी होती. चणीने लहान, हालचालीला चपळ, एका हातात सहा परीक्षानळ्या धरून टेबलांमधून सुळकन जाणारी. मामांनीच तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली होती. काल सभागृहात ट्रे तिनेच आणला आणि तिनेच परत नेला होता.

"खारू आज आली नाही का रे?"

"नाही, मामा. काल तिच्या खोलीतल्या जिराफचा वाढदिवस होता ना."

जिराफ म्हणजे खारूताईची खोलीतली मैत्रीण. उंच, मानेने लांब, स्वभावाने शांत. दोघी बरोबर चालल्या की सगळं कॉलेज हसायचं.

मुलींचं वसतिगृह मैदानापलीकडे होतं. मामांच्या पायांत गोळे आले होते. दारात रेक्टरबाई खुर्ची टाकून हजेरी तपासत बसल्या होत्या. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार.

"कुठे निघालात, मामा? पुरुषांना पायरीच्या वर नाही."

"खारूला, म्हणजे त्या लहानखुऱ्या मुलीला जरा बोलवा. तातडीचं आहे."

"झोपल्यात दोघी. डोकं दुखतंय म्हणून निरोप आलाय. नाश्त्याला पण उतरल्या नाहीत."

"बाई, उठवा तिला. पाया पडतो तुमच्या."

रेक्टरबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मामांना त्यांनी इतक्या वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं.

खारूताई उतरली ती जिन्याच्या कठड्याला धरून. केस विस्कटलेले, चेहरा उतरलेला. मामांना बघताच तिची नजर जमिनीवर गेली. त्या नजरेनेच मामांना सगळं सांगितलं, पण तोंडाने ती म्हणाली, "काय मामा?"

"बाळ, ती बाटली तू नेलीस?"

"कुठली बाटली?"

"कालची."

"नाही. मी ट्रे ठेवला आणि आले." रेक्टरबाई पलीकडेच उभ्या होत्या. खारूताईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "मी नाही नेली, मामा. शप्पथ."

आता बोलायचं ते रेक्टरबाईंसमोर बोलावं लागणार होतं, आणि रेक्टरबाईंना कळलं की तासाभरात अख्ख्या कॉलेजला कळणार होतं. चार वर्षं राहिली आहेत, हे उपप्राचार्यांचं वाक्य त्यांच्या जिभेवर दगडासारखं बसलं. क्षणभर त्यांना वाटलं, ही नाही म्हणतेय तर नाहीच असेल. परत जावं, दिवे घासावेत.

"त्या बाटलीत लेबलवरचं नव्हतं," ते म्हणाले. "मिथेनॉल होतं. मी भरलं. किल्ली नव्हती म्हणून भरलं. चूक माझी आहे. तुझ्यावर कसला आळ घ्यायला आलो नाही मी. तुला दवाखान्यात न्यायला आलोय."

खारूताईने मान वर केली. तिच्या ओठांवर एक वाकडं हसू आलं.

"घाबरवताय ना, मामा?"

"अगं, खरं सांगतोय!"

"तुमच्या त्या मित्रासारखं?" तिचा आवाज चिरकला. "सगळ्यांना माहितेय, मामा. तुमचा मित्र खोटा आहे. गेल्या वर्षी त्याचा उजवा डोळा गेला होता, काल दोन्ही गेले. आम्ही पैज लावतो त्याच्यावर, यंदा काय जाणार म्हणून. आमच्याकडून कबूल करून घ्यायचं, एवढंच ना? बाईंसमोर?"

बारा वर्षं त्यांनी मुलांना भीती घातली होती, आणि आज खरोखर भिण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या शब्दाला काडीची किंमत उरली नव्हती.

"मित्र खोटा आहे," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं खोटं बोललो. आजचं खोटं नाही." खिशातली कॅनची पट्टी काढून त्यांनी तिच्यासमोर धरली. "काल सभागृहात याच द्रवाने भरलेली बाटली दाखवून मी शुद्ध आहे म्हणालो. वाच हे. कॅनवरची पट्टी आहे. वाच, पोरी."

तिने पट्टी हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली. मग लांब धरली. पुन्हा जवळ नेली.

"अक्षरं हलतायत," ती पुटपुटली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा आव गळून पडला. आता ती एकोणीस वर्षांची सुद्धा वाटत नव्हती. "मामा, मी थोडंच घेतलं हो. वास सहन होईना. पण तिने... तिचा वाढदिवस होता. तिला एकदा बघायचं होतं, कसं लागतं ते. बाहेरचं नको म्हटलं मी. तुम्हीच म्हणाला होतात, बाहेरच्यात काय मिसळतात देव जाणे. म्हटलं मामांच्या बाटलीत शुद्ध असतं. मामांच्या बाटलीत कधी गडबड नसते."

रेक्टरबाई जागच्या हलल्या. "वर चला," त्या म्हणाल्या. "मामा, तुम्ही पण चला. पायरी गेली खड्ड्यात."

खोलीत पडदे सताड उघडे होते आणि अकराचं ऊन गाद्यांवर पसरलं होतं. जिराफ भिंतीकडे पाठ करून उशीवर रेलली होती. श्वास जोरजोरात चालला होता, जिना चढून आल्यासारखा. शेजारी बादली होती. दाराचा आवाज ऐकून तिने मान वळवली, पण नजर दाराच्या थोडी बाजूला थांबली.

"कोण आहे? खारू, खिडकी लाव ना. केवढं धुकं आलंय आत."

मामांनी भिंतीचा आधार घेतला. रेक्टरबाईंनी मात्र एक क्षण घालवला नाही. त्यांनी जिराफला लहान मूल उचलावं तशी काखेत हात घालून उभी केली. "चल बेटा. धुकं बघायला बाहेर जायचंय." त्यांचा भरदार आवाज त्या एका वाक्यात दोनदा फुटला.

रेक्टरबाईंच्याच गाडीतून ते निघाले. मागच्या सीटवर दोघी मुलींच्या मध्ये मामा. जिराफचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. ती मधूनच विचारायची, "बोगदा आहे का?" रस्त्यावर बोगदा नव्हता. मामांनी पहिल्यांदा "हो" म्हटलं, दुसऱ्यांदा त्यांना तेही जमलं नाही. खारूताई दुसऱ्या बाजूला बोटं मोजत होती. एका हाताची, मग दुसऱ्या हाताची, मग पुन्हा पहिल्याची.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीला सुस्कारा सोडला. शनिवारी सकाळी अशा मुली त्यांच्याकडे नेहमी येत असाव्यात. "दारू ना? किती घेतली?"

"दारू नाही," मामा म्हणाले, आणि त्यांनी पट्टी पुढे केली. "हे. काल संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. ही जास्त प्यायलीय, ही कमी. मी प्रयोगशाळेत काम करतो. बाटली मी भरली."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी वाचली आणि त्या उभ्याच राहिल्या. मग दारं उघडली, खाटा ढकलल्या गेल्या, कुणीतरी रक्त धुण्याच्या यंत्राच्या, डायलिसिसच्या विभागाला फोन लावला. जाता जाता त्या मामांना म्हणाल्या, "विषाचं नाव सांगितलंत ते बरं केलंत. नुसती दारू म्हणाला असतात तर सलाईन लावून झोपू दिलं असतं आम्ही."

ते वाक्य ऐकून मामांना बरं वाटायला हवं होतं. त्यांना बाकावर बसून हुडहुडी भरली.

खारूताई दोन दिवसांत सावरली. अक्षरं हलायची थांबली. जिराफ जगणार हे रविवारी संध्याकाळी नक्की झालं. डोळ्यांबद्दल कुणी शब्द द्यायला तयार नव्हतं. सोमवारी मामांनी मॅडमच्या हातात लेखी कबुली दिली. लेबल, कॅन, किल्ली, वेळ, सगळं त्यात होतं. खोट्या मित्राची कबुलीही होती. चौकशी होईपर्यंत प्रयोगशाळेत यायचं नाही असा आदेश मिळाला. मुलींनी खरं सांगून उपचार घेतले, तेव्हा त्यांचं नाव कमी करू नये असंही मामांनी खाली लिहिलं होतं. ते वाचून उपप्राचार्य म्हणाले, "हे लिहायचा तुम्हाला अधिकार नाही." पण त्यांनी ते खोडलं नाही.

मंगळवारी मामा दवाखान्यात गेले तेव्हा जिराफची आई खाटेशेजारी बसली होती. छापखान्यात मुद्रितं तपासणारी बाई. जाड चष्मा, बोटांना शाईचे डाग, तीन दिवसांची अपुरी झोप. तिला एवढंच कळलं होतं की मुलगी वाढदिवसाला दारू प्यायली. मामांनी तिला बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, समोरच्या फरशीकडे पाहिलं.

मामा तिच्या ओरडण्याची वाट बघत होते. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"तीन दिवस मी तिला बोलतेय," शेवटी ती म्हणाली. "दारुडी म्हणाले. ती एक शब्द बोलली नाही." तिने चष्मा पुसला. "तुम्हाला माफ करायला मला सांगू नका. आत्ता ते डोक्यात नाही माझ्या."

"नाही सांगत."

"रोज येता?"

"कामाला जायचं नाही सध्या. दहाला येतो."

"मग उद्यापासून आठला या. मला घरी जाऊन आंघोळ करून यायचं असतं. तिला एकटीला ठेवायची माझी छाती होत नाही." आणि दाराशी पोचल्यावर ती मागे वळून म्हणाली, "आणि तिच्याशी खरं तेच बोला."

बुधवारी सकाळी आठ वाजता मामा खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. जिराफ झोपली होती. ती डोळे उघडेल तो क्षण मामांना नको वाटत होता. आदल्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला बोटं दाखवली होती आणि तिने सगळी बरोबर मोजली होती. "सगळं नीट दिसतंय," असं ती म्हणाली होती, आणि डॉक्टरांनी हसून कागदावर तसं लिहिलं होतं. आईने सुटकेचा श्वास टाकला होता. मामांना तो श्वास टाकायचा धीर झाला नव्हता.

पापण्या हलल्या. तिने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग हळूहळू इकडे वळली. मामा खोकले नव्हते, बोलले नव्हते.

"मामा, तुम्ही?"

"हो, बाळ."

"आज एवढ्या लवकर?" ती थोडं हसली. "नवा शर्ट वाटतं. निळा छान दिसतो तुम्हाला."

मामांनी मान खाली घालून शर्टाकडे पाहिलं. शर्ट हिरवा होता. कोवळ्या पानासारखा, कुणालाही हिरवाच दिसावा असा. हो म्हणायला किती सोपं होतं. पोर हसत होती, चार दिवसांनी पहिल्यांदा.

"हिरवा आहे," ते म्हणाले. "पण शर्ट आहे हे बरोबर ओळखलंस."

जिराफचं हसू हळूहळू मावळलं. तिने चादरीची कड मुठीत धरली.

"मामा, मी काल डॉक्टरांना खोटं सांगितलं. बोटं दिसली, ते खरं. पण रंग धुतल्यासारखे झालेत. आणि मधोमध एक डाग आहे, जिकडे बघावं तिकडे पुढे येतो. आई इतकी रडली होती ना. म्हटलं नीट दिसतंय म्हणावं."

"कधीपासून आहे डाग?"

"पहिल्यापासून. वाढलाय का तेच कळत नाही. मला भीती वाटते विचारायला."

"मला पण," मामा म्हणाले. त्यांनी खाटेवरची घंटी दाबली. कुणी आलं नाही, पुन्हा दाबली. मग तिचा हात चादरीवरून उचलून खाटेच्या कठड्यावर ठेवला, धरायला काहीतरी असावं म्हणून. "घट्ट धर. मी डॉक्टरांना घेऊन येतो. ते आले की आत्ता सांगितलंस तसंच सांगायचं. एकही शब्द गाळायचा नाही."

"ओरडतील?"

"ओरडू देत."

आणि मामा त्या लांब व्हरांड्यातून, बादल्या आणि चाकांच्या खुर्च्या चुकवत, डोळ्यांच्या विभागाकडे धावत सुटले.